चौघांचा अबोला

माझ्या थोरल्या जावेला मी अक्का म्हणायचे. त्या गावात जावेला ‘बाई’ म्हणायची रीत होती. ‘अक्का’ हा माझ्या माहेरचा, सास्तूरकडचा शब्द. लग्न होऊन तेरजवळच्या त्या खेड्यात आले तेव्हा माझ्या बोलण्याला कानडी हेल होता. मी तोंड उघडलं की शेजारच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. अक्काही हसायची, पण दुसरं कुणी हसलं की म्हणायची, “तिचं बोलनं ग्वाड हाय. तुमच्यावानी दगडं न्हाय फेकत ती.”

मी सोळाची होते, ती चोवीस-पंचवीसची असेल. सासू नव्हती, त्यामुळं घरातलं सगळं मला अक्कानंच शिकवलं. त्यातली पहिली शिकवण अशी, की थोरल्या दिरांसमोर बोलायचं नाही. ते ओसरीवर असले की मी पदर पुढं ओढून भिंतीच्या कडेनं जायचे. त्यांना काही सांगायचं असलं तर अक्काला सांगायचं, मग अक्का त्यांना सांगणार. तेही अक्काकडं बघूनच बोलायचे, “धाकटीला म्हनावं, बैलाला पानी दाव.” आणि धाकटी दोन हातांवर उभी असायची! एका अंगणात चौदा वर्षं राहून मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. मधे अक्का होती ना.

दुसऱ्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. आम्ही दोघी खडी फोडायच्या कामावर जायला लागलो. एकदा हातोड्याखालची कपची उडून माझ्या डोळ्यात गेली. मी ओरडत तिथंच बसले. मुकादम म्हणाला, दवाखान्यात न्या. अक्कानं काही न बोलता माझं डोकं मांडीवर घेतलं, दोन बोटांनी पापणी वर केली आणि जिभेच्या टोकानं ती कपची काढली. थुंकून म्हणाली, “लई खारट हाय गं तुजा डोळा.” सगळ्या बाया हसल्या. मीही रडता रडता हसले.

तिथं आमचं दिवसभर बोलणं चालायचं. घरी रेशनवरच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आणि मिठाचं पाणी, आणि इथं आम्ही संध्याकाळी काय करायचं ते ठरवायचो. ती म्हणायची, “आज हुलग्याचं शेंगोळं करू.” मी म्हणायचे, “लसून कमी पडंल.” “मग शेजारनीचा माग.” “ती देत न्हाय.” “मग राहू दे, पुरनच घालू.” शेजारच्या ढिगावरची बाई कावून म्हणायची, “बायानू, तोंड मिटा, माज्या पोटात आग पडतीया.” इतक्या उपाशी दिवसांत मी इतकं कशी हसले, याचं मला आजही नवल वाटतं.

दुष्काळ सरला. तीन-चार वर्षांनी दोघं भाऊ वेगळे झाले. भांडण असं झालं नाही. विहिरीच्या पाळीवरून थोडी धुसफूस झाली तेवढीच. अंगण एकच राहिलं, फक्त चुली दोन झाल्या. मात्र तेव्हापासून माझा नवरा हट्टाला पेटला. भावाकडून काडीही मागायची नाही, असं त्यानं मला बजावलं.

मग गावात दुधाची सोसायटी निघाली. माझा नवरा सातवी पास, अक्षर चांगलं, म्हणून दूध तपासायचं काम त्याला मिळालं. काचेची एक नळी तो दुधात सोडायचा. दूध निर्मळ असलं की नळी वर तरंगायची, पाणी असलं की खाली बुडायची. सकाळी चावडीपुढं किटल्यांची रांग लागायची आणि सगळ्यांच्या नजरा त्या नळीवर. थोरल्यांची म्हैस गावात नावाजलेली. त्यांचं दूध मोजलं की नळी नाकावर टिच्चून उभी राहायची. ते स्वतः म्हशीखाली बसायचे आणि किटलीही स्वतःच पोचवायचे.

त्या साली मला मुदतीचा ताप आला. अंगावर तीन महिन्यांची लेक. पंधरा दिवसांत माझं दूध आटलं. आमची म्हैस तेव्हा भाकड होती. लेक रात्रंदिवस किरकिरायची. नवरा म्हणाला, दुसऱ्या गल्लीतून शेळीचं दूध बघतो. ते कधी मिळायचं, कधी नाही. भावाच्या दारात मात्र तो जाईना.

एके दिवशी पहाटे अक्का मागच्या दारानं आली, पदराखाली तांब्या. “पाज तिला. पानी घालून पाज, म्हशीचं हाय, जड पडंल.”

“दादांस्नी ठावं हाय का?” मी विचारलं.

“तुला दूध पायजे का पंचाईत?”

महिनाभर असं चाललं. थोरले धार काढून तोंड धुवायला जायचे तेवढ्या वेळात ती तांब्याभर दूध काढून घ्यायची, आणि किटली उणी दिसू नये म्हणून तेवढं पाणी वर ओतायची. नळी रोज थोडी खाली जात असणार. नवऱ्यानं ते पाहिलंही असणार. पण भावाचं भांडं म्हणून तो काही बोलला नसावा. शेवटी गावात कुजबुज सुरू झाली, की तपासणारा भावाला झुकतं माप देतो.

मग एका सकाळी रांगेत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “आता बघू, भावाचं भांडं आलं. आता नळी बुडती का तरती?” सगळे पुढं सरकले. नळी बुडाली. लोक सांगतात, माझा नवरा मान वर न करता म्हणाला, “पानी हाय. परत न्या.”

थोरले भरली किटली घेऊन सगळ्या गावातून चालत घरी आले. मी दारात बसून लेकीला पाजत होते. वाटीत तेच दूध होतं. त्यांनी किटली अंगणात ठेवली, आपटलीही नाही. अक्काला म्हणाले, “म्हशीखाली म्या बसतो, किटली म्या भरतो. मग पानी आलं कुठनं?”

अक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि किंचित मान हलवली. बोलू नको. मग त्यांना म्हणाली, “किटली इसळताना तळाला राह्यलं आसंल.”

मी बोलले नाही. वाटी पदराखाली घेतली.

संध्याकाळी भावाभावांत जे झालं ते अंगणभर ऐकू आलं. “गावादेखत मला चोर केलंस,” थोरले म्हणाले. नवरा म्हणाला, “नळी खोटं बोलत न्हाय.” तेवढंच. शिवी नाही, हात उचलणं नाही. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. थोरल्यांनी अक्कालाही बजावलं, “त्या घराशी एक शब्द बोलायचा न्हाय.”

चौथ्या दिवशी मला राहवेना. नवरा जेवत होता. मी सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, “आता सांगून काय व्हतंय? लोक म्हनतील, घरचंच दूद आन् घरचंच पानी.” ताटावरून उठला. त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही, आणि भावाकडंही गेला नाही. तो लेकीला मात्र कधी रागं भरला नाही. ती काही मागायला आली की हातातलं काम ठेवून उठायचा.

पुढची सात वर्षं अक्का आणि मी बोललो नाही. म्हणजे, समोरासमोर बोललो नाही. ती गोठ्यात म्हशीशी बोलायची, मोठ्यानं: “काय गं म्हसाबाई, लेकराचा खोकला ऐकू येतुया रातीपासनं. आडुळशाचा पाला उकळून द्यावा की कुनीतरी.” मी माझ्या दारातल्या कोंबडीला म्हणायचे, “पाला कुठं घावतोय आता? वढ्याकडचा वाळून गेला.” दुपारी आमच्या उंबऱ्यावर अडुळशाच्या चार डहाळ्या असायच्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तशातली गत. कधीकधी तिची म्हैस आणि माझी कोंबडी यांचं इतकं रंगायचं की मला हसू यायचं. पण पदर तोंडात कोंबून हसावं लागायचं, आणि पलीकडं ती हसली की नाही ते कळायचं नाही. एकदा थोरले ओसरीवरून म्हणाले, “हल्ली म्हशीला लई बोलतीस.” त्यानंतर आठ-दहा दिवस गोठा गप्प होता.

सणासुदीला जास्त कठीण जायचं. वेळा अमावस्येला शेतात जेवायला सगळं गाव बाहेर पडतं, लोक एकमेकांना हाका मारून बोलावतात. आमची शेतं बांधाला बांध लागून. तिकडं तिचं भज्जी-आंबिल, इकडं माझं. मधे हातभर बांध. ती पाठ करून वाढत असायची. एका वर्षी तिनं पाठ केलेलीच होती, आणि मला दिसलं की तिच्या अंबाड्यात पांढरे केस आलेत. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी आम्ही एकमेकींना सगळ्यात आधी सांगायचो.

मग माझ्या नवऱ्याला साखर कारखान्यावर नोकरी लागली. तिथं राहायला खोली मिळाली. निघायच्या दिवशी बैलगाडी भरली, लेक पुढं जाऊन बसली. नवरा जू बांधत होता. अक्का गोठ्याच्या तोंडाशी उभी, हात शेणानं भरलेले. थोरले ओसरीवर अडकित्ता घेऊन बसलेले, मान खाली.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी पदर सारखा केला आणि ओसरीपुढं जाऊन उभी राहिले. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हाक मारली.

“दादा.”

अडकित्ता थांबला.

“त्या सकाळचं पानी माज्या लेकीपायी व्हतं. दूद अक्कांनी मला दिलं व्हतं. त्यांचा दोष न्हाय.”

ते माझ्याकडं बघेनात. नेहमीसारखं अक्काकडं बघून बोलले, पण बोलले मलाच. “ठावं हाय मला. तिनं त्याच सांजंला सांगितलं.”

ते पुढं म्हणाले, “लेकराला दूद दिलं त्याचं काय न्हाय. अजून दोन तांबे दिलं असतं. पन त्यो माजा भाऊ. गप घरी येऊन म्हनला असता, ‘दादा, आज नळी बुडाली’, तर म्या समजलो नसतो व्हय?”

माझा नवरा जू हातात धरून ऐकत होता. तो इतकंच म्हणाला, “गाडी भरलीया.”

वाटेत मला उमगलं, की सात वर्षं आम्हा चौघांनाही सगळं ठाऊक होतं. अक्कानं मला वाचवायला गप्प राहायला सांगितलं, मी तिला वाचवायला गप्प राहिले, आणि वाचवण्यासारखं त्यात काही उरलेलंच नव्हतं. आमच्यापैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तर! पण त्या घरात सगळ्यांनाच दुसऱ्याच्या तोंडून बोलायची सवय लागली होती. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो बैलांना उगाच हाकत होता. डोळे पुसावेत तर हात कासऱ्यात अडकलेले.

पुढं भाऊ बोलायला लागले. थोरल्यांच्या मुलीच्या लग्नात चार शहाण्या माणसांनी दोघांना शेजारी बसवलं, पान-सुपारी झाली, मिटलं. आम्ही मुक्कामाला गेलो होतो. अक्का दारात पुढं आली, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, “या. बसा. लई तरास झाला असंल तुमाला वाटंत.”

तुमाला. मला वाटलं, माझ्यामागं आणखी कुणी उभं असेल. मी वळून पाहिलंसुद्धा.

लग्नात तिनं मला मानाचं लुगडं दिलं, पंगतीत आधी वाढायला लावलं. चुलीपाशी मात्र येऊ दिलं नाही. “पावन्यांनी काम करू न्हाय,” म्हणाली. त्यात राग नव्हता, खरंच नव्हता. सात वर्षांत तिची माझ्याशी बोलायची जुनी वाट मोडून गेली होती, आणि आता ती कुठून सुरू व्हायची हे तिलाही सापडत नसावं. मीही ‘अक्का’ म्हणायचे, पण पुढचं वाक्य जुळवून म्हणायचे. पूर्वी मी तिच्याशी कधी वाक्य जुळवलं नव्हतं.

तिची शेवटची भेट येडशीच्या स्टँडवर झाली. त्याच्या पुढच्या थंडीत ती गेली. त्या दिवशी ती लेकीकडं बार्शीला चालली होती, मी माहेरी. तिची बस दोन तास उशिरा होती, म्हणून मीही माझी एक बस सोडली. एका बाकावर बसलो. तिनं माझ्या रक्तदाबाची चौकशी केली, मी तिच्या गुडघ्यांची. तिनं पिशवीतून दोन पेरू काढले, चांगला होता तो मला दिला. “घ्या की,” म्हणाली. शेजारी भाजीची पाटी घेतलेली एक बाई बसली होती. माझ्या मनात एकच वाक्य घोळत होतं: अक्का, मला तू म्हण गं. चार वेळा ओठांवर आलं. प्रत्येक वेळी वाटलं, आत्ता बस येईल, घाई होईल, बोलणं अर्धंच राहील. म्हणून जरा निवांत बोलू. दोन तासांत निवांत क्षण आलाच नाही.

बस आली. तिला हात देऊन चढवलं. खिडकीतून म्हणाली, “सांबाळून जावा.” बस रामलिंगाच्या वळणाला दिसेनाशी झाली. मग मी ते वाक्य एकदा म्हणून पाहिलं.

पाटीवाली बाई माझ्याकडं वळली. “मला म्हनलाव का?”

“न्हाय,” मी म्हणाले.