अब्ला इजलालचा जुना राउटर

पोर्ट सईदमध्ये माल बोटीतून उतरताना आम्हाला गच्चीवरून दिसतो, आणि तरी दुकानात तो महागच मिळतो. सगळ्यांना त्याची सवय झालीय. अब्ला इजलालला मात्र कधी झाली नाही.

आमच्याकडे शाळेतल्या बाईंना अब्ला म्हणतात. इजलाल माझ्या समोरच्या दारात राहते. आईवडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे तोंडानं बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली. शाळेतली नोकरी संपल्यावर तिनं घरूनच एक वर्ग सुरू केला. मन्झला तलावाकाठच्या गावांतल्या ज्या बायकांची मुलं ऐकू शकत नाहीत, त्यांना ती व्हिडिओवरून हातांची भाषा शिकवायची. फी नाही. "पैसे मागितले तर नवरे पहिल्याच दिवशी फोन काढून घेतील," म्हणायची.

इंटरनेट तिचं आणि वरच्या मजल्यावरच्या भावाचं, फिक्रीचं, एकच होतं. राउटर हिच्या बैठकीत. वर पोरांचे खेळ, टीव्ही आणि वहिनीच्या केकच्या ऑर्डरी सुरू झाल्या की खाली अब्लाचं चित्र अडकायचं. तुमचं-माझं चित्र अडकलं तर निदान आवाज तरी येतो. इथे हात थांबला की शब्दच गेला. एकदा मतरिया गावच्या उम्म रिताजला, म्हणजे रिताजच्या आईला, 'ताप' या खुणेचा अर्धाच हात दिसला. ती आठवडाभर लेकीला 'ताप' म्हणून भलतंच काहीतरी शिकवत बसली, आणि पोरगी खरोखर तापली तेव्हा आईशेजारी बसून तिनं केलेली खूण अब्लाला कळलीच नाही. त्या दिवशी अब्ला जेवली नाही.

त्याच सुमारास राउटरच्या कंपनीनं जाहीर केलं, की नवं फर्मवेअर येतंय. म्हणजे डबा तोच, आतला प्रोग्रॅम नवा. मग घरातल्या कुठल्या संगणकाला आधी वाट द्यायची, ते आपलं आपण ठरवता येणार. अब्ला त्या अपडेटची वाट बघायला लागली.

कोपऱ्यावरचा दुकानदार वगीह तिला येता-जाता हटकायचा. राउटरच्या किमती हल्ली तो पेन्सिलीनंच लिहायचा, सारख्या खोडून वाढवाव्या लागत म्हणून.

"अब्ला, नवा घेऊन टाका. ईदनंतर या पैशात नुसता खोका पण मिळायचा नाही."

"माझा डबा धडधाकट आहे."

"अहो, जुना झाला तो."

"तूही झालास की. बायकोनं बदलला का तुला?"

फिक्रीही वैतागला. "ताई, मी आणतो नवा. विषय संपव."

"तुझा संपेल. तलावाकाठी त्या बायकांच्या घरी हाच डबा आहे. त्यांना कुठला भाऊ आणून देणार?"

अपडेट आलं ते शम्म अल-नसीमच्या, वसंतातल्या सणाच्या, आदल्या दिवशी. सगळ्या जिन्यात खारवलेल्या माशाचा वास होता. तिनं मला हाक मारून शेजारी बसवलं. डब्यावरचे दिवे विझले, पुन्हा लागले. यादीत ती नवी सोय दिसत होती, पण फिकट अक्षरांत, आणि खाली लिहिलं होतं: 'फक्त नव्या मॉडेलसाठी.'

अब्लानं लॅपटॉप मिटला. मग वगीहकडे गेली आणि सरळ विचारलं, "नव्यात आत काय वेगळं आहे?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "खरं सांगू अब्ला? रंग."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी कंपनीच्या ग्राहक केंद्रात गेलो. तिथले सगळे ज्याला उस्ताद, म्हणजे साहेब, म्हणायचे तो व्यवस्थापक मम्दूह गोड बोलणारा माणूस. त्यानं कॉफी मागवली आणि म्हणाला, "मॅडम, जुन्या मॉडेलला ही सोय द्यायची नाही, असं वरून ठरलंय. आणि नव्याची किंमत पुढच्या महिन्यात वाढतेय. आजच घ्या."

"बरं," म्हणत अब्ला उठली. नवा राउटर जिथे मांडून ठेवला होता, त्या टेबलापाशी जाऊन बसली आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. "चार वाजता माझा वर्ग असतो."

"इथे वर्ग घेता येणार नाही हो."

"पाटीवर काय लिहिलंय? 'बसा, वापरून बघा.' मी बसलेय. वापरून बघतेय."

आणि तिनं वर्ग घेतला. बिल भरायला आलेली माणसं थांबून बघत राहिली. मम्दूहनं पहारेकऱ्याला बोलावून बाईला गप्प करायला सांगितलं. पहारेकरी म्हणाला, "उस्ताद, ती आवाजच करत नाहीये. गप्प कसं करू?"

परतताना रस्त्यात तिनं दोनदा मागे वळून पाहिलं.

"घाबरलीस?"

"हो. म्हणून काय झालं?"

मग प्रत्येक वर्गाला ती तिथेच जायला लागली. तिला पाहून शहरातले जुन्या डब्यांचे इतर मालकही येऊन उभे राहू लागले. एके दिवशी उम्म रिताज मिनीबसनं रिताजला घेऊन आली. पोरगी पहारेकऱ्याच्या शेजारी बसली आणि त्याला 'चहा' आणि 'साखर कमी' शिकवून गेली. कुणीतरी ते फोनवर टिपलं, आणि ते गावभर फिरलं.

तेव्हा मम्दूह अब्लाच्या घरी आला. हातात नवाकोरा राउटर. "तुमच्यासाठी भेट. फक्त कुठे बोलू नका."

अब्लानं त्याला बसवलं, चहा दिला, आणि डबा त्याच्याच मांडीवर परत ठेवला. "उस्ताद, ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांच्या घरात मी वाढले. तेसुद्धा कधी गप्प बसले नाहीत."

उन्हाळा अर्धा सरला तेव्हा एक छोटं अपडेट आलं. जाहिरात नाही, काही नाही. जुन्या डब्यातली ती फिकट अक्षरं ठळक झाली, एवढंच. तलावाकाठच्या बायकांनी आपापल्या घरी तपासलं. त्यांच्याकडेही झाली होती. नव्या राउटरची किंमत मात्र पुन्हा चढली, आणि वगीह कुरकुरला, "अब्ला, माझी गिऱ्हाइकं पळवलीत तुम्ही."

"नाही रे. थोडी उशिरा येतील, एवढंच."

काही दिवसांनी मम्दूहचा फोन आला. कंपनीला जाहिरातीसाठी तिचा फोटो हवा होता, आणि त्याखाली लिहायचं होतं, 'आम्ही ग्राहकांचं ऐकतो.'

"ऐकलं कुठे तुम्ही?" अब्ला म्हणाली. "तुम्हाला बघावं लागलं. फोटो मिळणार नाही."

तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "चल, बाजारात ताजे शिंपले आलेत म्हणे. उशीर केला तर फिक्रीची बायको सगळे उचलेल."