घाट केला म्हणजे नेमकं काय केलं

मी महिनाभर सायकलचा सराव केला, आणि तो सगळाच्या सगळा उतारावर केला. आठ वर्षं मी हे हसण्यावारी नेलं. आज लिहूनच टाकते.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली, साखर काठावर आलेली, आणि अक्कल शाळेतच ठेवून आलेली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण माझ्या जावेनं चालायचे बूट आणले, मग मी चालून कसं चालेल? मी गिअरची सायकल आणली.

आमचं बुलढाणा घाटावर. मोताळा, मलकापूर, खामगाव, शेगाव हा सगळा मुलूख घाटाखाली. तीस वर्षं चौथीच्या पोरांना मी हे नकाशावर छडी आपटून शिकवलं. 'घाटावर काय? घाटाखाली काय?' चुकणाऱ्याला उभं करायचे. त्याच बाईला, शेगावला सायकलनं जायचं ठरवताना, येताना घाट चढावा लागेल हे सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे, सुचलं असेल तरी तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

माझी सून घाटाखालची, खामगावकडची. ती इथल्या एका सायकल गटात होती. थंडीत गटाची मोहीम ठरली. शनिवारी बुलढाण्याहून शेगाव, मुक्काम, रविवारी परत. मी म्हटलं, मी पण येते. सुनेनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आई, घाट आहे बरं. जमते का तुम्हाले?"

"मी रोज राजूर घाट करते," मी म्हटलं.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. रोज सकाळी मी राजूर घाटात सायकल सोडून द्यायचे. पदर खोचलेला, दोन्ही ब्रेक दाबलेले, तोंडात गजानन महाराज. खाली पोचेस्तोवर बोटं आखडायची आणि घाम फुटायचा. घाम भीतीचा होता, पण घामाला काय कळतं? मला वाटायचं, व्यायाम झाला. खालच्या गावांतून आमच्या बाजारात भाजी घेऊन येणारी एक पिकअप असायची. तिला हात करायचा, कोबीच्या पोत्यांवर सायकल आडवी टाकायची आणि ड्रायव्हरशेजारी बसून गप्पा मारत वर यायचं. घरी येऊन सांगायचं, "घाट करून आले." कोणत्या दिशेनं केला हे कुणी विचारलं नाही.

गटानं मला घेतलं. घेतलं तर गप्प बसावं की नाही? पण बाई शिक्षिका. पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, गटाला लेखी नियम हवेत, आणि लिहायलाही मीच बसले. पाचवा नियम असा: 'जो सदस्य मोहिमेत गाडीत बसेल, त्यास पुढील सहा महिने गटासोबत येता येणार नाही.' लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे गटातले दोन ढेरपोटे होते.

खरं सांगायचं तर तो गट मला हवा होता. निवृत्तीनंतर सकाळ संपता संपत नसे. नऊ वाजता वाटायचं बारा वाजले असतील. रविवारी पंधरा माणसं वाट बघतात, आपण उशिरा गेलो तर ओरडतात, हे मला फार आवडलं होतं.

शनिवारचं काय सांगू! बोथ्याचा घाट मी अशी उतरले की त्या ढेरपोट्यांतला एक ओरडला, "काकू, हळू!" पुढे खामगावपर्यंत सपाट रस्ता, दोन्हीकडे हरभरा. दुपारी शेगावात पोचले तेव्हा मी स्वतःला काय समजत होते ते लिहायला लाज वाटते. दर्शन घेतलं, आणि मग विजयाच्या चार कचोऱ्या खाल्ल्या. सून दोनावर थांबली होती. मी तिला म्हटलं, "तुमच्या पिढीत दम नाही."

रविवारी सकाळी लॉजवर उठले तर पाय माझे नव्हते. जिना मी उलटं तोंड करून, कठडा धरून उतरले. लॉजचा संडास जुन्या पद्धतीचा होता, एवढंच सांगते.

तरी खामगाव ओलांडून घाटाच्या पायथ्यापर्यंत रेटलं. पुढे रस्ता वर बघायला लागला. पहिल्याच चढावर मला शोध लागला की पायडल मारून सायकल वरसुद्धा न्यायची असते, आणि हे काम मी आयुष्यात कधी केलेलं नाही. घाटाच्या दुसऱ्या वळणावर खाली उतरले आणि ढकलायला लागले. नियमांत ढकलायला बंदी नव्हती. मीच लिहिलेले होते, मला पाठ होते.

गटाची सामानाची गाडी आमचे हे चालवत होते. पाणी, केळी, पंप आणि हे. माझ्या मागे बैलगाडीच्या चालीनं गाडी, काच खाली.

"बसते का?"

"नाही."

पुढचं वळण.

"बसते का?"

"अहो, तुम्ही पुढे जा बरं!"

"पुढं जाऊन काय करू? केळी तुझ्यासाठीच आहेत."

तेवढ्यात मागून एक बाई आली. माझ्याच वयाची, डोक्यावर गवताचा भारा, पायात झिजलेल्या चपला. माझ्या बरोबरीला येऊन तिनं सायकलीकडे पाहिलं.

"काऊन बाई, पंचर झाली का?"

"नाही."

"मंग ढकलून काऊन राह्यल्या?"

"चढ आहे ना हो."

"चढ त रोजच राह्यते," ती म्हणाली आणि भाऱ्यासकट मला मागे टाकून वळणापलीकडे गेली. हे मागे गाडीत तोंड लपवून हसताना मला सायकलच्या आरशात दिसले.

त्यानंतरच्या वळणावर पोटरीत गोळा आला. असा की मी सायकल सोडली आणि कठड्यावर बसून ओरडले. वर पोचलेली सून ते ऐकून, की ह्यांनी फोन केला म्हणून, सायकलनं परत खाली आली. चढलेला घाट माझ्यासाठी पुन्हा उतरून. माझ्यापुढे उकिडवी बसून तिनं पोटरी चोळली.

"आई, राजूर घाट त याच्याहून सोपा नाही. तिथं रोज कशा काय चढत होत्या?"

आता लपवायला अंगात त्राणच नव्हतं. मी पिकअपचं सांगितलं. कोबीची पोती, ड्रायव्हर, सगळं. ती पोटरी चोळायची थांबली.

"म्हणजे महिनाभर तुम्ही नुसत्या उतरूनच राह्यल्या होत्या?"

"घाट केला एवढंच म्हणत होते मी. चढले असं कधी म्हटलं?"

ती रस्त्यातच फतकल मारून बसली आणि इतकी हसली, की ह्यांना वाटलं तिलाही गोळा आला. मीही हसले. हसताना दुसऱ्या पोटरीत गोळा आला.

मी गाडीत बसले. दार मीच उघडलं. बसताना सुनेकडे जरा गरीब चेहरा करून पाहिलं. म्हटलं, घरचीच आहे, कुणाला सांगायची नाही.

"सहा महिने, आई," ती म्हणाली. "नियम तुमच्याच अक्षरात आहे."

बोथ्यापासून घरापर्यंत मी केळी खाल्ली. एकूण सात.

आठवडाभर तेलानं पाय चोळून झाल्यावर मी वही काढली आणि नवी उद्दिष्टं लिहिली. पहिलं, पुढच्या वर्षी सगळ्या जिल्ह्याला सायकलनं फेरी. दुसरं, वजन दहा किलो कमी. तिसरं, जावेला मागे टाकणे. सुनेनं वाचलं, पेन घेतलं, तिन्ही ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'राजूर घाट. खालून वर. एक वळण.'

"एकच?"

"जमलं त मंग दुसरं."

आता वर चढायचं तर आधी खाली जायला हवं, आणि उतारावर तर मला बंदीच घातली होती तिनं. मग ती पिकअप बाजारात माल उतरवून रिकामी परत निघाली की मी रिकाम्या कॅरेटांत सायकल टाकून खाली जायला लागले. ड्रायव्हरला काही केल्या पटेना.

"मावशी, लोकं गाडीनं चढतात अन् सायकलनं उतरतात. तुम्ही काऊन उलटं करून राह्यल्या?"

"आधी उलटं करत होते रे," मी म्हटलं.

पहिलं वळण जमायला नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी अर्ध्यात थांबून मी रडले, तेही लिहून टाकते. एकटीच होते, म्हणून मोकळं रडले. दुसऱ्या वळणाला कमी दिवस लागले, चौथ्याला पुन्हा जास्त. जिथं दम संपे तिथं ह्यांना फोन. हे येत, काही न बोलता सायकल गाडीत टाकत आणि घरी येऊन सगळ्यांना सांगत. उन्हाळ्यात दोनदा वाटलं, पुरे झालं, बूटच आणावेत. पण रविवारी भल्या सकाळी सून पाण्याची बाटली भरून निघायची, आणि दाराचा आवाज ऐकून मी डोळे मिटून पडून राहायचे. ते मला सहन होत नव्हतं.

सहा महिने संपायच्या आदल्या शुक्रवारी मी सुनेला फोन करून खालून निघाले आणि कुठेही न उतरता वर पोचले. न उतरता म्हणजे सायकलवरून न उतरता. आता मी शब्द नीट वापरते. तीनदा थांबले, पण पाय टेकवून, सीटवर बसूनच. एका ट्रॅक्टरवाल्यानं "आजी, धक्का देऊ का?" विचारलं. तेव्हा मला कुणी आजी म्हणत नसे. रागानं पुढचं वळण आपोआप झालं.

माथ्यावर सून उभी होती. बँकेत जायची साडी नेसून, हातात घड्याळ, डबा स्कूटीला लटकवलेला. मी सायकल टेकवली आणि रस्त्याच्या कडेला गवतात आडवी झाले. छाती भात्यासारखी. वाटलं, आता ही जवळ बसेल, डोळे पुसेल, काहीतरी चांगलं बोलेल. तिनं वाकून माझा चेहरा पाहिला, मी जिवंत आहे याची खात्री केली, मग घड्याळ पाहिलं.

"आई, एक घंटा पन्नास मिनिटं. गटात सगळ्यात हळू. परवा रविवारी साडेपाचले निघाचं आहे, उशीर करू नका."