नागोरावांची मेंढी

पाषाणकडच्या एका संशोधन संस्थेत, तळमजल्यावर, एक यंत्र आहे. मध्यंतरी त्या यंत्रात मेंढी येत असे.

यंत्राचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, त्याच्या पोटात सोडले की ते प्रत्येक तुकडा तोलून तो कुठल्या प्रथिनाचा आणि कुठल्या प्राण्याचा ते सांगतं. आमच्या सोसायटीतल्या काकू एवढं नुसत्या चालण्यावरून ओळखतात, पण त्यांचा निष्कर्ष शोधनिबंधात घेत नाहीत.

यंत्र चालवणारे नागोराव मूळचे यवतमाळचे. पुण्याची थंडी ही त्यांना थट्टा वाटे. यंत्राच्या खोलीत मात्र एसीमुळे बारा महिने पौष. पुण्यात राहून राहून त्यांना पाट्याही लिहिता येऊ लागल्या होत्या. दारावर त्यांचीच पाटी होती: ‘लोकर घालून आत येऊ नये. यंत्राला माणसापेक्षा मेंढी आधी दिसते.’ ते खरंच होतं. लोकर हे प्रथिनच, त्यामुळे तिची धूळ नळीत पडली की यंत्र इमानदारीत मेंढी दाखवतं.

तरी त्या वर्षी मेंढी आलीच. पीएचडी करणारी तनया आपलं एक पेप्टाइड कुठल्या प्रथिनाला चिकटतं ते शोधत होती. तिच्याकडे शेवटचा थेंबभर नमुना उरला होता. तो घालण्याआधी यंत्रातून नुसतं पाणी सोडायचं. पाण्यात काही दिसलं नाही, तरच यंत्र स्वच्छ. आणि पाण्यात रोज मेंढी. तिच्यासोबत काम करणाऱ्या अभिनवने मंडईतून लिंबू-मिरची आणून यंत्राला बांधली. नागोरावांनी ती काढली, सगळ्या नळ्या धुतल्या, अभिनवचा मफलर जप्त केला. मेंढी येतच राहिली. आलेखावर त्याच जागी तीच उंच टोकं, ओळखीच्या माणसाने कडी वाजवावी तशी. आधी सगळे हसले. मग तनया त्या खोलीत एकटी जाईनाशी झाली.

एके सकाळी नागोराव यंत्रात बाटल्या लावत असताना ती शेजारी उभी होती. त्यांच्या पांढऱ्या अॅप्रनच्या उजव्या बाहीतून काहीतरी मरून रंगाचं बाहेर डोकावलं. बाटल्यांच्या अगदी वर. त्यांनी सवयीने, न बघताच, बोटाने ते आत ढकललं.

“काका, तुमची बाही.”

नागोराव हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं, ते थांबत थांबत. स्वेटर त्यांच्या पत्नीने, सरोजिनीबाईंनी विणला होता, शेवटच्या आजारपणात, तुळशीबागेतून लोकर आणून. उजवी बाही लांब झाली. उसवून नीट करून देते म्हणाल्या, आणि सुया पिशवीतच राहिल्या. तेव्हापासून अॅप्रनखाली रोज तोच.

“साऱ्यांची झडती घेतली मी,” ते म्हणाले, “पण ही लोकर आहे, हे माह्या ध्यानातच नाही आलं.”

दुसऱ्या दिवशी ते नुसत्या शर्टावर आले. नमुने ठेवतात तशा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत स्वेटर कपाटात गेला.

मेंढी लगेच गेली नाही. आलेखावरची टोकं रोज थोडी बुटकी होत गेली. तनया खूश होई. नागोराव मात्र तोच आलेख पूर्वी दवाखान्यातला तक्ता बघत तसा बघत. इतके महिने स्वेटर कणाकणाने झडत होता, आणि त्यांनी तो ऊब म्हणून अंगावर घेतला होता. शेवटी एक दिवस पाण्यात फक्त पाणी आलं. रेघ सपाट. तनयाचा थेंब आत गेला, पेप्टाइड हव्या त्या प्रथिनाला चिकटलेलं सापडलं, पेढे वाटले गेले. नागोरावांनी पेढा खिशात ठेवला.

पुढच्या आठवड्यात यंत्रातली जुनी नळी टाकून नवी बसवायची होती, म्हणजे जुनीत आता काहीही गेलं तरी चालणार होतं. काम संपल्यामुळे तनया नागोरावांचा निरोप घ्यायला खोलीत गेली, तर नागोराव पडद्यासमोर बसले होते, दंडावर काटा आलेला. टेबलावर ती पिशवी होती, पुन्हा घट्ट बंद केलेली. लांब बाहीच्या टोकाचा एवढासा धागा तेवढा निघाला होता. पडद्यावर, त्याच जागी, तीच टोकं एकेक करून वर येत होती.

तनया दारातच थबकली. “काका, मेंढी परत आली.”

“येऊ दे,” नागोराव मागे न वळता म्हणाले. “आज मीच बोलावलं तिला.”