वधूपक्षाच्या खोलीबाहेरचं टेबल

आमच्या जिल्ह्यात लैंगिक आरोग्याचं शिक्षण भिंतीवर मिळतं. मलकापूरच्या रुळालगतच्या भिंती बघा, खामगावच्या बाजारामागच्या बोळी बघा. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं: गुप्तरोग, कमजोरी, खात्रीचा इलाज, दर शुक्रवारी अमक्या लॉजवर भेटा. शाळेत तो धडा आला की सर म्हणायचे, घरी वाचून घ्या. घरी विचारलं की आई म्हणायची, शाळेत शिकवतील. शाळा आणि घर यांच्या मधल्या रस्त्यावर ही भिंत. पोरं तीच वाचतात. मला पोरांचा राग येत नाही. राग सरांचा येतो, आणि भिंत रंगवून घेणाऱ्याचा तर फारच.

मी देऊळघाटची. घरी भाजीपाला. बुलडाण्यातल्या एका लहानशा संस्थेत याच विषयाची पत्रकं वाटायला लागले आणि तिथेच चिकटले. बसस्टँड, आठवडी बाजार, कॉलेजचं गेट, सगळीकडे वाटली. लोक पत्रक घेतात, घडी करतात आणि पुढच्या वळणावर टाकून देतात. आपलंच पत्रक पायाखाली बघत परत यायचं, हा आमच्या कामाचा भागच आहे.

म्हणून खामगावच्या त्या मुलीचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणाले. ती कॉलेजला होती, वडिलांचं कटलरीचं दुकान. तिनं आणि तिच्या दोस्तांनी फॅन मेळावा भरवायचं ठरवलं होतं. जपानी कार्टून, परदेशी सुपरहिरो, मोबाइलवरचे गेम, या सगळ्यांच्या चाहत्यांचा. आपल्या आवडत्या पात्राचा पोशाख शिवून यायचं, मुखवटा लावायचा, स्टेजवर चालायचं, फोटो काढायचे. पुण्यामुंबईत असे मेळावे मोठ्या हॉलमध्ये होतात. इथे लग्नसराई संपलेली होती, म्हणून मंगल कार्यालय मिळालं.

"ताई, तुमचं टेबल लावा," ती म्हणाली. "कॉलेजात तुमचं ऐकलं होतं मी. पण पकवू नका हां."

मी टेबल लावलं ते अगदी दारात. वर आमचा बॅनर, पुढे पत्रकं, निरोधची पाकिटं, सॅनिटरी पॅड, निरोध कसा चढवायचा ते दाखवायचं लाकडी मॉडेल, आणि शरीराचे भाग दाखवणारा उलटायचा तक्ता. दारातून येणारा प्रत्येक जण माझ्यासमोरूनच जाणार होता. आणि प्रत्येक जण गेलाही. मान वळवून, भिंतीला घासून गेला. एक पोरगा थांबला, पत्रकाला हात लावला, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "काय बे, झाला का बाप?" तो जो पळाला तो थेट भजीच्या स्टॉलवर. शिवाय जिकडेतिकडे मोबाइल वर धरलेले. माझ्या बॅनरखाली उभं राहायचं म्हणजे कोणाच्या तरी रीलमध्ये जायचं, आणि ते रील संध्याकाळपर्यंत मामाच्या फोनवर. संस्थेतल्या वरिष्ठ ताईंचा निरोपावर निरोप: ग्रुपवर फोटो टाक. कशाचा टाकू? माझा आणि तक्त्याचा?

तेवढ्यात कार्यालय सांभाळणारे काका आले. त्यांनी तक्ता बघितला, तोंड फिरवलं आणि भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, "बाई, हे लग्नाचं कार्यालय हाये."

"मंग काका, लग्नातच तर कामी येते हे."

मागे कोणीतरी खिदळलं. काका मात्र पेटले. "दारात नाई चालणार म्हणजे नाई चालणार. उचला. नाईतर लाइट बंद करतो मी."

आयोजक मुलीनं माझ्या दंडाला धरलं. मी भांडायच्या तयारीत होते. तिला मेळावा वाचवायचा होता. आम्ही टेबल उचलून मागच्या बोळीत नेलं, जिथे एका बाजूला वधूपक्षाची खोली आणि दुसऱ्या बाजूला वरपक्षाची. त्या दिवशी वधूपक्षाच्या खोलीत मुली पोशाख बदलत होत्या आणि वरपक्षाच्या खोलीत मुलं. दिव्याला जाळी लागलेली, कोपऱ्यात गाद्यांची थप्पी. मी मनातल्या मनात काकांना काय काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

आणि तिथेच लोक यायला लागले.

कारण साधं होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं. खोलीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण तोंड झाकून बाहेर पडत होता. पहिली आली ती कोल्ह्याचा मुखवटा लावलेली. तिनं विचारलं की पाळी दोन महिने आलीच नाही आणि तसं काही केलेलंही नाही, तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांचं नंतर बघू, आधी रक्त तपासू, झोप नि जेवण कसं आहे ते सांग. ती गेली. थोड्या वेळानं कोल्हा परत आला. आवाज वेगळा. पायात मघाशी सँडल होती, आता निळी स्लिपर. या कोल्ह्याला विचारायचं होतं की पाकिटात वर्षभर ठेवलेला निरोध चालतो का. नाही चालत, घासून खराब होतो, हा नवा घे. मग कोल्हा आला तो बुटात. मुखवटा आत कोणीतरी फिरवत होतं! मी खाली बघून ओळखायला लागले, कोण नवीन आणि कोण परत आलं ते.

ताईंचा फोन आला. "अगं, एक तरी फोटो?"

"नाही ताई. फोटो काढला तर बोळ रिकामी होईल."

"मग रिपोर्टला काय लावू?"

"बोळीचा लावा. रिकामी असताना काढून देते."

तो आला तेव्हा दुपार उतरत होती. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून बनवलेला पूर्ण पोशाख, डोक्यावर डबाच, डोळ्यांपाशी चिरा. चालताना खणखण. अंगाला गोडेतेलाचा वास. आवाज डब्यातून घुमत येत होता.

"ताई, एका दोस्ताचं विचाराचं हाये."

"विचार."

दोस्ताला खाली एक फोड आली होती. दुखली नाही, आपोआप गेली. दोस्त मलकापूरकडे कामाला होता आणि तिथल्या एका बाईकडे जायचा तेव्हाची गोष्ट. मग तळहातावर पुरळ आलं. भिंतीवरच्या डॉक्टरकडे गेला. त्यानं पुड्या दिल्या, गरमी आहे म्हणाला.

"अन् म्हणे, लगन झालं की साफ होते. पोरीच्या अंगात उतरून जाते म्हणे. दोस्ताचं लगन ठरलं हाये. तुळशीच्या लगनानंतर."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. पण प्रत्येक वेळी माझं डोकं तितकंच फिरतं.

"तो डॉक्टर नाही, चोर आहे," मी म्हटलं. "साफ होत नाही, वाढतं. फोड गेली तरी आजार रक्तात राहतो. तुला बरं वाटेल आणि तिला होईल, तिच्या पोटातल्या बाळाला होईल. तिला कोणी विचारलं का? तिच्या अंगात उतरवायला ती काय मोरी आहे?"

मला 'तुला' म्हणायचं नव्हतं. पण म्हणून गेले होते. डबा एक पाऊल मागे सरला. मग खणखण करत वळला आणि गेला.

आयोजक मुलगी गाद्यांपाशी पिन लावत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "ताई, तुम्ही त्याले दवाखाना सांगतला का?"

नव्हता सांगितला.

"काऊन नाई सांगतला? नुसत्या ओरडल्या. तो सांगाले आला होता ना."

मी टेबल तिच्यावर सोडून पुढे पळाले. मेळाव्यात पत्र्याचा माणूस शोधणं सोपं होतं, पण तो स्टेजवर होता. स्पर्धा सुरू झालेली. पोरं शिट्ट्या मारत होती, "अबे, डब्बा आला, डब्बा!" आणि तो हात वर करून यंत्रासारखा चालत होता. मी स्टेजच्या पायरीशी उभी राहिले. तो उतरला तसं अगदी जवळ जाऊन म्हटलं, "हे बरं होतं. इंजेक्शननं बरं होतं. सोमवारी सकाळी सरकारी दवाखान्यात मी गेटवर उभी राहीन. तिथे तपासणी फुकट असते आणि कोणाला सांगत नाहीत. दोस्ताला घेऊन ये. मी ओरडणार नाही."

त्यानं मान हलवली की नाही, कळलं नाही. त्या डब्यात मान हलतच नसावी.

सोमवारी गेटवर उभी राहिल्यावर लक्षात आलं की मी त्याचं तोंडच बघितलेलं नाही. जो येईल तो तोच असू शकत होता. मोटारसायकल लावणारा, चहा पिणारा, आजीला हाताला धरून आणणारा. मी एकेकाकडे बघून हसत होते आणि पोरं बिचकत होती. चहावाला म्हणालाही, "मॅडम, कोणाची वाट पाहून राह्यल्या?" दुपार व्हायला आली. मी पाण्याची बाटली पिशवीत टाकली, आणि बाजूच्या बाकावर कधीपासून बसलेला एक सडपातळ पोरगा उठून समोर आला.

"ताई, दोस्त नाई आला. मीच आलो."

आत समुपदेशन करणाऱ्या मॅडम शांत होत्या. माझ्यासारख्या नाहीत. त्यांनी त्याला विचारूनच रक्त घेतलं, एचआयव्हीचंही. ते निघालं नाही. गरमीचं मात्र निघालं, सिफिलिसचं. इंजेक्शन सुरू झालं. मलकापूरच्या त्या बाईलाही तपासायला सांगायला हवं, हे त्यांनी समजावलं; तिचा नंबर अजून आहे म्हणत त्यानं कळवायचं कबूल केलं. मग मॅडम म्हणाल्या, "सगळी इंजेक्शनं झाली पाहिजेत, नंतर पुन्हा रक्त तपासू. रक्तातलं प्रमाण उतरलं की नाही ते बघू. तोवर जवळीक नाही. लग्न तेवढं पुढे न्या."

तो बाहेर आला आणि मला म्हणाला, "ताई, लगन ठरलं त्या पोरीले तुम्हीच सांगा. तुम्हाले बोलता येते."

खरं सांगते, मला सांगायचं होतं. त्या न पाहिलेल्या मुलीसाठी तर मी भांडत होते. पण हे सांगायचं काम माझं नव्हतं. "मी नाही सांगणार, आणि तुझ्या परवानगीशिवाय कोणीच सांगणार नाही. तूच सांग. तिला कळल्यावर ती काय ठरवते ते तिचं."

"ती नाई म्हणली तं?"

"तर नाही म्हणेल."

तो दवाखान्याच्या मागे, रुग्णांचे कपडे वाळत घालतात तिकडे फोन घेऊन गेला. मी लांब उभी होते. त्याचा हात कपाळावर जाई, खाली येई. मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. परत आला तेव्हा डोळे लाल, पण चालणं मोकळं.

"काय म्हणाली?"

"म्हणे, दवाखान्यात कोणं धरून नेलं का तू आपल्या मनानं गेला? म्हटलं, मीच गेलो. मंग लय बोलली. ते नाई सांगत तुम्हाले." त्यानं नाक पुसलं. "शेवटी म्हणे, पत्रिका छापाले टाकू नको. रिपोर्ट आल्यावर पाहू. माह्या बापाले मी पाहून घेईन."

मी त्याला चहा पाजला. आणखी काय करणार?

त्या मुलीला मी भेटले ते पुढे, ती आमच्या ऑफिसात स्वतःच आली तेव्हा. दोघांनाही विचारून हे लिहिते आहे. तिनं दार लोटलं, चपला बाहेर काढल्या, आमच्या वरिष्ठ ताईंकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

"त्याले दवाखान्यात नेणाऱ्या तुम्हीच काय?"

"मी गेटवर होते फक्त."

"त्याचं एक रक्त चांगलं आलं. अजून एकदा तपासाचं हाये म्हणे." तिनं खुर्ची ओढली, माझ्या टेबलाच्या अगदी जवळ. "लगनाचं मी अजून ठरवलं नाई. पण त्याच्याशी केलं काय अन् दुसऱ्याशी केलं काय, अंगाचं हे सगळं तं मले माहीत पाह्यजे ना. लेकरू लगेच नको असलं तं काय कराचं? सगळं सांगा. लाजू नका."

मी तक्ता उलटायला घेतला. ताईंनी उठून पंखा लावला आणि त्याही खुर्ची घेऊन ऐकायला बसल्या.