दुसऱ्यांच्या पाटीखालचं लग्न

प्रकाशा गावच्या चुडामण आबांना ज्यांनी लग्नात पाहिलं असेल, त्यांनी बहुतेक पाठमोरंच पाहिलं असेल. समाजाचा सामुदायिक विवाह म्हटला की आबा मांडवात सगळ्यांच्या पुढे. हातात दोरी, खांद्यावर उपरणं, घसा बसलेला. जोड्या रांगेत उभ्या करायच्या, प्रत्येकीच्या डोक्यावर नावाची पाटी लागली का बघायचं, मंगलाष्टकं सुरू झाली की अंतरपाट धरायचा आणि मधे घुसणाऱ्या वऱ्हाडाला मागे लोटायचं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मांडवाचा नियम असा, की कपडे सगळ्यांचे सारखे, वाजंत्री एक आणि जेवणही एक. तरी एका वर्षी एक नवरदेव घोड्यावर बसून, स्वतःचा बँड पुढे घालून आला. आबा भांडले नाहीत. घोडा बाभळीला बांधला, त्याला चारा टाकला आणि बँडवाल्यांना म्हणाले, आलाच आहात तर सगळ्यांसाठी वाजवा. बँड दिवसभर वाजला आणि बिदागी त्या नवरदेवाच्या बापाने भरली. हा किस्सा आबा रंगवून सांगत, तेव्हा घोड्याचा रंग दर वेळी निराळा असे.

असा माणूस स्वतःच्या मुलाचं लग्न वेगळं कसं लावणार? भाग्येश पुण्याला संगणकाच्या नोकरीत, अमेरिकेला जायचं घाटत होतं. शहाद्याला एखादं लॉन घेऊन चार मित्र बोलवावेत, एवढीच त्याची हौस होती. सोयरेही तयार होते. आबा म्हणाले, जगाची पोरं मी रांगेत उभी केली, माझा काय आभाळातून पडलाय? झालं, भाग्येश आणि काजल रांगेत उभे राहिले. महिन्याभरात भाग्येश विमानात बसला आणि काजल मागे राहिली, पपईच्या मळ्यातल्या घरात, सासू-सासऱ्यांजवळ. रोज फोनवर दिसायचं, बोलायचं आणि मग फोन चार्जिंगला लावून पोळ्या लाटायला बसायचं, असा तिचा संसार.

पुढे तिच्या व्हिसाची मुलाखत ठरली, मुंबईच्या वकिलातीत. घरात कागद गोळा व्हायला लागले. जन्माचा दाखला, ग्रामपंचायतीचा विवाहाचा दाखला, सामुदायिक विवाह समितीचा दाखला, भाग्येशच्या पगाराचे कागद. धनुबाईंनी, म्हणजे आबांच्या मालकिणीने, शेवयांचा डबा रिकामा करून त्यात सगळं नीट ठेवलं, त्यामुळे कागदांना भाजलेल्या रव्याचा वास लागला. नंदुरबारला एक व्हिसावाला होता, त्याच्याकडे आबा आणि काजल तो डबाच घेऊन गेले.

व्हिसावाल्याने काजलला सवाल विचारून बघितले. लग्नाला माणसं किती होती? काजल म्हणाली, दहा-पंधरा हजार. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, ताई, तीनशे सांगा. पंधरा हजार म्हणाल तर साहेबाला वाटेल लग्न नव्हतं, निवडणुकीची सभा होती. आबा हसले. मग त्याने अल्बम उघडला आणि हसणं तिथेच थांबलं.

अल्बममध्ये पिवळ्या साड्या आणि गुलाबी फेट्यांची रांगच्या रांग. हनुवटीपर्यंत पदर ओढलेल्या नवऱ्या. त्यांतली काजल कोणती, हे काजललाही बोट ठेवून सांगता येईना. एका फोटोत अंतरपाट धरलेले आबा मधे आणि त्यांच्या रुंद पाठीमागे सून अख्खी झाकलेली. स्वच्छ फोटो एकच. काजलचा पदर मागे सरकलेला, भाग्येश तिच्या गळ्यात हार घालतोय, दोघांचे चेहरे दुधासारखे लख्ख. आणि त्यांच्या डोक्यावर हातभर अक्षरात पाटी होती, भूपेंद्र आणि रंजिता.

हे दोघं कोण, असं व्हिसावाल्याने विचारलं, तेव्हा आबांना सगळं सांगावं लागलं.

झालं होतं असं. पहिल्या रांगेतली भूपेंद्र-रंजिताची जोडी वेळेवर उभी राहिली नाही. मुलीकडची गाडी वाटेत बंद पडली होती. पाहुणे व्यासपीठावर बसलेले, मुहूर्त टळायला आलेला आणि पुढच्याच रांगेत दात पडल्यासारखी ती रिकामी जागा. आबांनी मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांना विनवलं. पण दुसऱ्याच्या नावाखाली आपली पोरगी उभी करायला कोण बाप राजी होईल? शेवटी आबांनी आपल्याच मुलाला आणि सुनेला हाताला धरून पुढे आणलं. पाटी बदलायला शिडी नव्हती. कुणाला अपमान वाटू नये म्हणून घरचं माणूस पुढे केलं, यात त्यांना त्या दिवशी मोठं समाधान वाटलं होतं.

व्हिसावाला म्हणाला, तिथे मराठी वाचणारी माणसं असतात. हा फोटो दाखवला तर विचारतील, नवरा कुणाचा आणि बायको कुणाची. एकदा नकार आला की तो शिक्का जन्मभर मागे लागतो. दोन वाटा आहेत. मी कॉम्प्युटरवर नावं पुसून देतो, नाहीतर फेटा आणि शालू आणा, एखाद्या लॉनवर पुन्हा फोटो काढू. आजकाल पुष्कळ जण काढतात.

रात्रीच्या जेवणाला त्या दिवशी घरात हाच विषय निघाला. फोनवर भाग्येश म्हणत होता, बाबा, पुसून टाका, लग्न तर खरंच आहे ना. धनुबाई भाकरी वाढताना म्हणाल्या, "ओ भाग्येशना बाप, जगन्या पाट्या सरळ करता करता तुमना जनम गया, नि आपला पोरनीच वाकडी लाई."

आबांनाही पुसून टाकावंसंच वाटत होतं, हे विशेष. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादं खोटं काम सोपं आणि चांगलं वाटत होतं. पण काजल तयार होईना. ती म्हणाली, तिथे बोटांचे ठसे घेतात, शपथ घ्यायला लावतात. माझं लग्न खरं आहे. मग त्याच्यासाठी खोटा फोटो घेऊन मी त्या खिडकीसमोर कशी उभी राहू? माझ्या तोंडावरूनच ते ओळखतील.

मग तिनेच वाट सुचवली. त्या दुसऱ्या जोडीतल्या कुणी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं, की आम्ही उशिरा पोहोचलो आणि आमच्या पाटीखाली ही दोघं उभी होती. एवढं झालं तर फोटो जसा आहे तसा नेता येईल.

वाट सरळ होती, पण आबांना ती धरवेना. भूपेंद्र आणि रंजिताचं मोडलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. रंजिता खापरला माहेरी येऊन बसली होती. तिने पोटगीचा दावा लावला आणि भूपेंद्रकडचे कोर्टात म्हणाले, आमचं हिच्याशी लग्नच झालेलं नाही, दाखवा पुरावा. पुरावा कुठून येणार? त्या दिवशी त्यांचं लग्न उशिरा लागलं, तेव्हा फोटोवाले जेवायला बसले होते. समितीवाले दाखला नंतर देऊ म्हणाले, तो राहूनच गेला आणि दाखला नाही म्हणून ग्रामपंचायतीत नोंदही नाही. भूपेंद्रचा काका समितीचा अध्यक्ष. आबा ज्या मांडवात मिरवत, तो मांडव त्याच्या शब्दावर उभा राही. म्हणून कोर्टाची ती गोष्ट आबांनी ऐकली आणि कानाआड केली होती.

भूपेंद्र सही देणार नाही, हे उघड होतं. आबा एकटेच एसटीने तळोदा, अक्कलकुवा करत खापरला गेले. रंजिताची आई प्रमिलाबाई, तिने बसायला गोणपाट टाकलं, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. आमच्या भागात दारी आलेल्या सोयऱ्याला चहाचं विचारत नाहीत, तेव्हा काय ते समजून घ्यायचं असतं. रंजिता धान्याच्या पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, वडिलांचं दुकान घराच्या ओट्यावरच. आबांनी फोटो पुढे केला आणि काम सांगितलं.

तिने फोटो हातात घेतला. काजलकडे, भाग्येशकडे बघितलंच नाही, नुसती वरची पाटी वाचली. म्हणाली, त्या मांडवात माझ्या नावाचं एवढंच काय ते उरलंय. मग ती सांगत गेली, हळूच, पोत्यांवर चिठ्ठ्या लावता लावता. गाडी बंद पडली तेव्हा ती पिवळी साडी सावरत शेतातून पायी निघाली होती. मांडवात आली तर तिच्या जागेवर लग्न लागून गेलं होतं. मागे, पत्रावळी उचलायला सुरुवात झालेल्या कोपऱ्यात तिला उभं केलं. सासरी पहिल्या दिवसापासून तिचं नाव पडलं उरल्या मांडवातली. भाजी खारट झाली की तेच, गाय आटली की तेच.

"आबा," ती म्हणाली, "तुमनी सूननं लगीन खरं शे, हाई मी सांगू. नि मन्हं लगीन खरं शे, हाई कोन सांगी?"

आबा खाली बघत म्हणाले, "अंतरपाट मीच धरेल व्हता."

"माले माहित शे. म्हनीसनच तुमले इचारस."

खरंच होतं ते. भटजी जेवणावरून उठायला तयार नव्हते, आबांनीच त्यांना हाताला धरून आणलं होतं. कोपऱ्यात अंतरपाटाचं एक टोक आबांच्या हातात आणि दुसरं एका वाढप्याच्या. पाहिलेल्यांपैकी दुसरं कुणी बोलणार नव्हतं. कोर्टात उभे राहाल का, हा न विचारलेला सवाल पोत्यांच्या मधे तसाच पडून राहिला. रंजिताने हातातली चिठ्ठी पोत्यावर चिकटवली. मग चिकटपट्टी बाजूला ठेवली, चपला घातल्या आणि अक्कलकुव्याला नोटरीकडे येऊन सही करून दिली. बदल्यात काही मागितलं नाही. म्हणाली, त्या पोरीचा काय दोष, तुमचं तुम्ही बघा.

आबांनी आयुष्यात पुष्कळ जणांशी वाद घातले, पण असं कुणी त्यांना अडकवलं नव्हतं. शब्द मागितला असता तर टाळता आला असता. परतीच्या गाडीत तो कागद त्यांनी पिशवीत ठेवला, मग खिशात ठेवला, मग पुन्हा पिशवीत.

मुंबईला रेल्वेने गेले आबा आणि काजल. वकिलातीत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून काजलचा फोन आबांच्या खिशात. ती आत गेली आणि आबा समोरच्या फुटपाथवर रुमाल टाकून बसले. फोन सारखा थरथरत होता, पलीकडे भाग्येश. उचलून सांगणार काय? आजूबाजूला पंजाबातले, आंध्रातले, गुजरातेतले बाप बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर कुणाची तरी पर्स. एकाने आबांना ठेपला दिला. आबांनी तो घेतला आणि हातातच धरून ठेवला.

काजल बाहेर आली. हातात अल्बम होता, पासपोर्ट नव्हता. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे काम झालं, एवढं आबांना व्हिसावाल्याने शिकवलेलं होतं. ते उठले, पण सुनेचे डोळे वाहत होते आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं. आबांनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं.

ती सांगू लागली. खिडकीतल्या गोऱ्या बाईने लग्नाला माणसं किती होती विचारलं. काजलने पंधरा हजार सांगितलं. बाई हसली, फोटो मागितला. शेजारच्या माणसाने पाटी वाचून दाखवली. काजलने रंजिताचा कागद पुढे केला, गाडी बंद पडल्याची हकीकत सांगितली. बाईला ती गोष्ट फारच आवडली. तिने कागद परत दिला, पासपोर्ट बाजूला ठेवला आणि जाता जाता सहज एक विचारलं.

"आबा, मी तठे एक खोटं बोलनू," काजल म्हणाली. "ती बाईनी इचारं, ती दुसरी जोडी सुखमा शे ना? मी हा म्हनी दिन्हं."

आबा तिच्या शेजारी फुटपाथवर बसले. फोन पुन्हा थरथरला. या वेळी आबांनी तो तिच्या हातात दिला आणि ती नवऱ्याशी बोलत असताना ते उठून लांब जाऊन उभे राहिले.

नंदुरबारला उतरल्यावर धनुबाईंसाठी पेढे घ्यायचे ठरले होते. पेढे घेतले. पण मग धरलेल्या एसटीतून प्रकाशाला न उतरता दोघं तशीच पुढे खापरला गेली. रंजिता दारातच होती. आबांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला नाही, आधी विचारलं, "कोर्टनी तारीख कव्हय शे, बेटा?"

तारीख आली तेव्हा काजल अमेरिकेत पोहोचलेली होती. आबा कोर्टात उभे राहिले आणि जसं घडलं तसं सांगितलं, रंजिताची जागा आपणच मुला-सुनेला देऊन टाकली तेही सांगितलं. समोरच्या वकिलाने विचारलं, एवढ्या जोड्यांत ही एकच कशी लक्षात राहिली? आबा म्हणाले, बाकीच्यांचं मला काही फेडायचं राहिलेलं नाही.

त्यानंतरच्या विवाहाचं बोलावणं आबांना आलं नाही. अध्यक्षांनी रस्त्यात मान फिरवली. धनुबाई अजून अधूनमधून घुश्श्यात असतात, कारण तिळगुळाला येणाऱ्या बायका कमी झाल्या. निकाल लागायचा आहे. दर तारखेला आबा पहाटेच आवरतात, इस्त्रीचा सदरा घालून एसटी धरतात. कधी न्यायाधीश रजेवर, कधी भूपेंद्रचा वकील आजारी. काजलचा फोन त्या दिवशी हटकून येतो. आबांची तब्येत ती नंतर विचारते, आधी विचारते ते रंजिताचं.