धुऱ्यावरची बादली

मित्रांनो, आज सकाळी आमच्या बेला गावच्या वावरात गोगलगायींनी कपाशीची कोवळी रोपं पुन्हा खाल्ली. त्याच, मोठ्या शंखाच्या.

रोज वेचून मी बादली बाबांकडे देतो, तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच हजर! शेजारच्या वावराचे गणपतकाकाच आमच्याकडे फेकून राह्यले, असा माझा पक्का संशय होता.

म्हणून आज दोन वावरांमधल्या धुऱ्यावरच्या पळसाआड लपलो. पाह्यतो तर काय, आमचे बाबाच काकांच्या वावरात बादली ओतत होते!

"बाबा, मिठाच्या पाण्यात टाका म्हटलं होतं ना?"

"पंचशील घेतलं हाय मी. जीव कसा मारू?"

तेवढ्यात पलीकडच्या बोरीमागून काका उठले. तेही आमच्यावर पाळत ठेवून होते.

गोगलगायी रोज रात्री धुरा ओलांडून परत येत राह्यल्या, अन् कपाशी दोघांचीही गेली. तुमचा संशय कोणावर हाय? अन् आपल्या घरची बादली पाह्यली का?