मे महिन्यातला कोळी

मी घरी पाळीव टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, वाढवते. पुण्याला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला त्यातला एक हवा होता, तोही भर मे महिन्यात. "खोक्यात बर्फ घाला, बाई," ती फोनवर म्हणाली. मी नाही म्हटलं. बर्फाने कोळी गारठून मरतो. आधी चाचणी म्हणून, कोळ्याऐवजी थर्माकोलच्या खोक्यात नुसता चॉकलेटचा तुकडा घालून मी ते आमच्या कट्टा गावाहून पुण्याच्या एसी बसने पाठवून बघितलं. खोकं डिकीत ठेवलं गेलं आणि चॉकलेट पार वितळलं.

पुढच्या आठवड्यात कोळ्याला छिद्रं पाडलेल्या डबीत, ओलसर टिश्यू पेपरात सैलसर बसवलं आणि खोकं थेट ड्रायव्हरच्या हातात दिलं.

"बाई, ह्यात काय आसा?"

"जिवंत कोळी. डिकीत ठेवलास तर मरतलो."

त्याने खोकं जरा लांब धरलं. "माका चावतलो?"

"डबो उघडलास तर."

तो हसला आणि खोकं आपल्या सीटशेजारी ठेवत म्हणाला, "मगे माझ्या बाजूकच रवांदे."

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थिनीचा फोन आला. कोळी नव्या घरात पाणी पीत होता. मला आश्चर्य वाटलं नाही, पण त्या दिवशी चहा मात्र दोनदा घेतला.